दिव्यामागचे हात

माणूस आजारी पडला की त्याला दोन गोष्टी लागतात. एक औषध आणि दुसरा कुणाचा तरी हात. औषधे शोधून काढणाऱ्यांची नावे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण रात्रभर उशापाशी बसून घोटघोट पाणी पाजणारा, कूस बदलून देणारा, घाण साफ करणारा तो हात कुणाचा होता, हे इतिहासाच्या पुस्तकात शोधूनही सापडत नाही. आजार सगळीकडे सारखाच असतो. ताप इंग्रजाला येतो तसाच आपल्यालाही येतो. परंतु तापलेल्या कपाळावर हात कुणी ठेवायचा, हे मात्र प्रत्येक समाजाने आपापल्या रीतीने ठरवून ठेवलेले असते. कुठे तो हात संन्यासिनीचा असतो, कुठे पोटासाठी राबणाऱ्या मोलकरणीचा, कुठे घरच्या सुनेचा, तर कुठे गावकुसाबाहेरून बोलावून आणलेल्या सुईणीचा. काम एकच, पण त्याची किंमत ठरवतो तो समाज!

ही किंमत बदलून दाखवणाऱ्या एका स्त्रीची ही कहाणी आहे. तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेत तिची आपल्याला ओळख होते ती हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी बाई म्हणून. ते चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण त्या दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावरच इतका पडला, की तिने खरे काम काय केले ते अंधारातच राहिले.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या प्रवासाला निघाले होते. ज्या शहरात मूल जन्मले त्या शहराचे नाव त्यांनी मुलीला ठेवले. थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली, म्हणून तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. घराणे गर्भश्रीमंत. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यासाठी एक घर आणि हिवाळ्यासाठी दुसरे. वडील विल्यम नाइटिंगेल विद्याव्यासंगी होते. मुलगा नव्हता, म्हणून की काय, त्यांनी आपले सारे ज्ञान दोन्ही मुलींना दिले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान हे सगळे फ्लॉरेन्स घरी बसून शिकली. गणिताची तर तिला विलक्षण ओढ होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिक्षणाचे मोल कळते.

पण शिकवलेल्या मुलीने पुढे काय करायचे? चांगल्या घरी लग्न करायचे, पाहुण्यांची सरबराई करायची, भरतकाम करायचे आणि दिवाणखान्यात बसून पियानो ऐकायचा! फ्लॉरेन्सचा जीव त्या दिवाणखान्यात घुसमटू लागला. १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली असा अनुभव तिला आला. कोणती सेवा, हे मात्र उमगले नव्हते. खेड्यातल्या गरिबांच्या झोपड्यांमधून आजाऱ्यांची विचारपूस करता करता तिला उत्तर सापडले. १८४५ साली तिने घरी आपला विचार सांगितला. जवळच्या सॉल्झबरी गावच्या रुग्णालयात काही महिने राहून रुग्णसेवा शिकायची तिची इच्छा होती.

घरावर जणू वीजच कोसळली! आईला रडू आवरेना, बहीण आजारी पडली. मुलीने मोलकरीण व्हायचे म्हटले असते तरी इतका गहजब झाला नसता.

वाचकहो, आपल्याला यात आईचा दुष्टपणा दिसेल. पण त्या काळच्या इंग्लंडातली परिचारिका कोण होती, हे पाहिले पाहिजे. रुग्णालयात जायचे ते गरिबांनी. श्रीमंतांवर उपचार घरीच होत. तिथली परिचारिका म्हणजे दुसरे कुठलेच काम न मिळालेली, बहुधा निरक्षर, थकलेली बाई. तिने फरशी पुसायची, घाणीची भांडी उपसायची, वॉर्डातच कुठेतरी अंग टाकायचे. शीण घालवण्यासाठी ती दारू पिते, अशी तिची सर्वत्र ख्याती. चार्ल्स डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत मिसेस गॅम्प नावाची अशीच एक पात्रता नसलेली, झिंगलेली दाई रंगवली आणि सारे इंग्लंड तिला हसले. पण तिला दिवसरात्र राबवून पुरेसे वेतन न देणाऱ्या समाजाला मात्र कुणी हसले नाही.

हे असे का झाले होते, याचे उत्तर इतिहासात आहे. मध्ययुगात युरोपभर रुग्णसेवा ही मठांची जबाबदारी होती. आजाऱ्याची सेवा म्हणजे ईश्वराची सेवा, अशी श्रद्धा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडले आणि १५३६ ते १५४० या काळात देशातले मठ बंद केले. मठांबरोबर तिथली सेवेची परंपराही गेली. लंडनचे प्रख्यात सेंट टॉमस रुग्णालयसुद्धा त्या लाटेत बंद पडले होते. ते १५५१ साली पुन्हा उघडले. सेवेमागचा धर्म गेला आणि मागे उरली ती नुसती मोलमजुरी. उलट कॅथलिक फ्रान्समध्ये १६३३ साली व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी स्थापन केलेल्या सेवाभगिनी अखंड काम करीत होत्या. तिथे सरदाराची मुलगी रुग्णाची भांडी धुवायला बसली, तर लोक तिला वाकून नमस्कार करीत. दोन्ही देशांत रोग तेच, घाण तीच, पण समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की त्याच कामाला कुठे पूजा, तर कुठे तिरस्कार!

फ्लॉरेन्स हे सारे डोळे उघडे ठेवून पाहत होती. घरच्यांच्या चोरून, पहाटे उठून ती निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचे अहवाल वाची, आकडे उतरवून घेई. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या सुविद्य, सुस्वभावी कवीने तिला लग्नाची मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता. तरीही १८४९ साली तिने नकार दिला. पुढे इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाहून परतताना १८५० साली तिने जर्मनीतले कैझर्सवर्थ पाहिले. ऱ्हाइन नदीच्या काठी पास्टर फ्लीडनर यांनी १८३६ साली तिथे एक संस्था काढली होती. शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या मुलींना तिथे रुग्णसेवेचे शिक्षण मिळे. त्या प्रॉटेस्टंट होत्या. त्यांनी आजन्म व्रत घेतलेले नव्हते, तरी समाज त्यांना मान देत होता. म्हणजे मठ नसला तरी मान मिळू शकतो! १८५१ साली तीन महिने तिथे राहून ती शिकली. नंतर पॅरिसमधल्या सेवाभगिनींचे कामही तिने पाहिले.

१८५३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिला लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्थापिका नेमण्यात आले. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड द्यायचे कबूल केले, म्हणून ती पगाराविना काम करू शकली. इथे तिने पहिला हट्ट धरला तो रुग्णांच्या धर्माबद्दल. समितीला फक्त आपल्या पंथाच्या स्त्रिया हव्या होत्या. सगळ्या पंथांच्या आणि धर्मांच्या रुग्णांना प्रवेश मिळणार नसेल तर आपण काम सोडू, असे तिने बजावले. समितीला ऐकावे लागले.

एवढ्यात क्रिमियाचे युद्ध पेटले. १८५४ साली इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाशी लढायला उतरले. ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार विल्यम रसेल याने जखमी सैनिकांचे हाल कळवले आणि इंग्लंड हादरले. फ्रेंच सैन्याबरोबर त्यांच्या सेवाभगिनी होत्या. रशियातही राजघराण्यातील येलेना पाव्हलोव्हना हिने त्याच वर्षी सेविकांचे पथक उभारले आणि शल्यविशारद पिरोगोव्ह यांच्या हाताखाली ते युद्धभूमीवर गेले. इंग्रजांकडे मात्र कुणीच नव्हते. तीनशे वर्षांपूर्वी मोडलेल्या परंपरेची किंमत आता त्यांचे सैनिक चुकवत होते.

युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांनी तिला विचारले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ सेविका घेऊन ती लंडनहून निघाली आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. त्या ३८ जणींत १० कॅथलिक जोगिणी होत्या, १४ जणी प्रॉटेस्टंट सेवासंस्थांतल्या आणि १४ जणी पगारी परिचारिका. एका छपराखाली तीन तऱ्हा! रुग्णाच्या उशाशी बसून जोगिणी धर्मांतर करतील अशी प्रॉटेस्टंटांना भीती. पगारी बायका पितील आणि पोरकटपणा करतील अशी सगळ्यांनाच भीती. आणि लष्करी डॉक्टरांना तर कुठलीच बाई नको होती. फ्लॉरेन्सने शहाणपणाने एक नियम घातला. डॉक्टरने बोलावल्याशिवाय एकीनेही रुग्णाला हात लावायचा नाही. काही दिवस त्या नुसत्या पट्ट्या शिवत बसल्या. मग लढाईतून जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनीच त्यांना हाका मारल्या.

त्या इमारतीत काय नव्हते असे विचारण्यापेक्षा काय होते असे विचारावे. उवा होत्या, उंदीर होते, तुंबलेली गटारे होती. पाण्याचे पेले, चादरी, साबण, घासायचे ब्रश हे नव्हते. लढाईच्या जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि ज्वर यांनीच सैनिक अधिक मरत होते. फ्लॉरेन्सने ‘टाइम्स’ने जमवलेल्या निधीतून बाजारातून वस्तू आणवल्या. एक घर भाड्याने घेऊन तिथे पाणी तापवायचे बंब बसवले आणि सैनिकांच्या बायकांना मजुरी देऊन कपडे धुण्याची सोय केली. १८५५ साली अलेक्सी स्वाये हा नामांकित फ्रेंच आचारी आला आणि रुग्णांना गिळता येईल असे अन्न मिळू लागले. तिने सैनिकांसाठी वाचनालय काढले. पगाराचे पैसे घरी पाठवायची व्यवस्था केली. आणि रात्री सगळे निजल्यावर ती दिवा घेऊन फेरी मारी. त्या दिव्याची गोष्ट मग इंग्लंडभर झाली.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे. तिच्या येण्याने मृत्यू थांबले नव्हते! उलट त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांत सुमारे ४२ जण दगावत होते. मार्च महिन्यात सरकारने पाठवलेले आरोग्य मंडळ आले. त्यांनी इमारतीखालची गटारे उपसली, पाण्याचा मार्ग स्वच्छ केला, भिंती चुन्याने रंगवल्या, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनवर आले. युद्धानंतर १८५६ साली परतल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून सगळे आकडे मांडले, तेव्हा तिला सत्य दिसले. माया, जागरण, प्रार्थना हे सारे होते, पण गटार तुंबलेले असेपर्यंत ते सारे अपुरे होते. लोक तिला देवी म्हणत होते आणि ती मात्र आकड्यांतून सरकारला दाखवत होती की हे मृत्यू टाळता आले असते. १८५८ साली तिने रंगीत वर्तुळाकार आकृती काढून ते सिद्ध केले. त्याच वर्षी संख्याशास्त्रीय संस्थेने तिला पहिली स्त्री सभासद म्हणून घेतले. वडिलांनी शिकवलेले गणित असे कामाला आले.

इथे आणखी एका स्त्रीचे नाव घेतले पाहिजे. मेरी सीकोल हिचा जन्म १८०५ साली जमेका बेटावर किंग्स्टन येथे झाला. आई तिथल्या कृष्णवर्णीय समाजातली, वडील स्कॉटिश सैनिक. जमेकात झाडपाल्याची औषधे जाणणाऱ्या स्त्रियांना मोठा मान होता. मेरीची आई तशी वैद्यीण होती आणि आजारी सैनिकांना आपल्या खाणावळीत ठेवून बरे करी. मेरीने आईकडून ती विद्या घेतली, पनामात कॉलऱ्याच्या साथीत काम केले. १८५४ साली ती लंडनला आली आणि क्रिमियात परिचारिका म्हणून जाण्यासाठी दारोदार फिरली. सगळीकडे नकार! शेवटी स्वतःच्या पैशाने ती गेली. बालाक्लाव्हाजवळ तिने सैनिकांसाठी खाणावळ आणि विसाव्याची जागा उभी केली आणि गोळीबार चालू असतानाही ती जखमींपर्यंत पोहोचली. फ्लॉरेन्सचे मत तिच्याविषयी फारसे चांगले नव्हते. एका समाजात जी वैद्यीण, ती दुसऱ्या समाजात नुसती खाणावळवाली ठरली. १८८१ साली ती वारली आणि पुढे कित्येक वर्षे जग तिला विसरून गेले. स्वतःच्या समाजाच्या भिंती फोडणारी फ्लॉरेन्ससुद्धा सगळ्याच भिंती फोडू शकली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या निधीतून १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. एक वर्षाचे शिक्षण, राहायला स्वतंत्र जागा, व्याख्याने, वॉर्डातले काम, शेवटी प्रमाणपत्र आणि मग पगार. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण विचार करा! ज्या कामाला कुठे व्रत मानत होते, तर कुठे हलके काम, ते आता प्रथमच एक विद्या ठरले. शिकल्याशिवाय येत नाही असे काहीतरी. आणि जे शिकावे लागते, त्याला मान द्यावा लागतो. इथून शिकलेल्या स्त्रिया दूरदूर गेल्या. १८६५ साली ॲग्नेस जोन्स १२ परिचारिकांसह लिव्हरपूलच्या अनाथ गरिबांच्या रुग्णालयात गेली आणि तीनच वर्षांत तिथल्याच ज्वराने वारली. १८६८ साली लूसी ऑस्बर्न पाच जणींना घेऊन ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचली. शाळेत वर्गभेद मात्र राहिलाच. मोठ्या घरच्या मुली पुढे मुख्य परिचारिका होत, साध्या घरच्या मुली वॉर्डात राबत. पुरुषांना तर या शाळेत स्थानच नव्हते. सेवा हा बायकांचा स्वभावधर्म, ही समजूत तिच्या काळाची होती आणि तिचीही होती.

आणि आता आपल्या देशाकडे वळू. फ्लॉरेन्स हिंदुस्थानात कधीच आली नाही. क्रिमियात लागलेल्या ज्वराने तिची प्रकृती कायमची ढासळली होती, आणि पुढची बरीच वर्षे तिने अंथरुणातूनच लिहीत काढली. परंतु हिंदुस्थानासाठी तिने जवळजवळ चाळीस वर्षे लेखणी झिजवली. सुरुवात झाली ती गोऱ्या सैनिकांपासून. १८५९ साली नेमलेल्या आयोगासाठी तिने इथल्या प्रत्येक छावणीकडून प्रश्नावली भरून मागवली. १८६३ साली अहवाल आला. शांततेच्या काळातही दर हजार सैनिकांमागे वर्षाला ६९ जण मरत होते! गटारे, पाणी आणि दारू ही कारणे तिने दाखवून दिली. पण आकडे चाळता चाळता तिच्या लक्षात आले, की छावणीचे आरोग्य गावाच्या आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळाने तर तिची दृष्टी पुरती बदलली. उपाशी माणसाला स्वच्छतेचे धडे देऊन काय उपयोग? ती पाटबंधाऱ्यांवर, रयतेच्या कर्जावर लिहू लागली.

पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. खेड्यांच्या स्वच्छतेविषयीची तिची पत्रे सभेच्या त्रैमासिकात छापली गेली. आयुष्याच्या उत्तरार्धात तिला जे कळले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. हुकूम काढून खेडे स्वच्छ होत नाही. इंग्लंडमध्येही १८९२ साली बकिंगहॅमशायरच्या खेड्यांत घरोघर जाऊन समजावणाऱ्या शिक्षित स्त्रियांची योजना तिने पुढे आणली होती. हिंदुस्थानात घरातल्या स्त्रीपर्यंत परका पुरुष पोहोचूच शकत नाही. तेव्हा तिथल्याच, तिथली भाषा आणि रीत जाणणाऱ्या स्त्रिया तयार झाल्या पाहिजेत, असा विचार तिने १८९६ सालच्या आपल्या लेखात मांडला. लंडनमधल्या अंथरुणावर पडून तिने ओळखले, की आरोग्याचा रस्ता लोकांच्या रीतिरिवाजांमधून जातो.

आपल्याकडे या कामाला कोणता मान होता? मला यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. माझी आजी, आईची आई, गावची सुईण. तिला अक्षर येत नाही. पण आमच्या गावातली निम्मी माणसे तिच्या हातांवर जन्मली. अपरात्री कंदील घेऊन बोलावणे येई, आणि मग वाड्याच्या माजघरापर्यंत तिला कुणी अडवत नसे. बाळंतीण सुटली, नाळ कापली, बाळाला न्हाऊ घातले, की पाचवीला तिला लुगडे आणि पायलीभर जोंधळे मिळत. मात्र एरवी त्याच घरी गेली तर तिने ओसरीच्या खाली बसायचे! रक्ताला आणि वारेला हात लावते म्हणून ती ओवळी, आणि ओवळी म्हणून ते काम तिचे. हा फेरा कुठून सुरू होतो हे मला अजून उमगलेले नाही.

माझी मामेबहीण, त्याच आजीची नात, नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून आता ग्रामीण रुग्णालयात आहे. तिने तो मार्ग धरला तेव्हा आमच्या घरातच विरोध झाला. रात्रपाळी, परक्या पुरुषांच्या अंगाला हात, पुढे स्थळ कसे मिळणार, असे सगळे. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या श्रीमंत इंग्रज आईचे आणि आमच्या कोरडवाहू घराचे इतके जुळावे, याचे मला नवल वाटते. आज त्याच वाड्यातली माणसे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. हा शब्दही पाहा. तो कॅथलिक मठांतून आला, इंग्लंडच्या रुग्णालयांत टिकला आणि आपल्या खेड्यापर्यंत पोहोचला. पुरुष परिचारकाला आता आपण ‘ब्रदर’ही म्हणू लागलो आहोत.

बहिणीचे काम मी जवळून पाहिले आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, सव्वा महिना विश्रांती या चालींना ती कधी हसत नाही. उलट त्या पाळायला सांगते. पण कोंदट खोलीत शेगडीचा धूर कोंडू देत नाही, आणि खिडकी उघडायला लावते. नाळेला शेण-राख लावू देत नाही. काय राखायचे आणि काय टाकायचे हे तिला कळते, कारण ती त्याच मातीतली आहे. बाहेरच्या माणसाने सांगितले असते तर आमच्या आयाबायांनी मान हलवली असती आणि खिडकी पुन्हा लावून घेतली असती.

आपल्या मातीतही या कामाला मोठेपण देणारी माणसे होऊन गेली आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले साठी पार करून गेल्या होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्यांना समाज शिवत नव्हता त्यांचे मूल कवेत घेणे, ही शुश्रूषा तर होतीच, पण ती त्या समाजाला दिलेली चपराकही होती.

फ्लॉरेन्सला १९०७ साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. तोवर तिची दृष्टी गेली होती, स्मरणही पुसट झाले होते. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिने लंडनमध्ये देह ठेवला. तिने चुकाही केल्या. रोग जंतूंमुळे पसरतात हे मान्य करायला तिने फार वेळ घेतला. दुर्गंधीयुक्त हवाच रोगाचे मूळ, असे ती पुष्कळ वर्षे मानत राहिली. पण स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हात यांचा तिचा आग्रह त्या चुकीच्या समजुतीतूनही लाखोंना तारून गेला.

२०२० साली तिच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते, आणि योगायोग असा की त्याच वर्षी कोरोनाची साथ आली. आपण सर्वांनी परिचारिकांसाठी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. पण त्याच दिवसांत कित्येक ठिकाणी परिचारिकांना भाड्याची खोली सोडायला सांगण्यात आले. त्यांचा स्पर्श पुन्हा एकदा ओवळा ठरला! म्हणजे किंमत ठरवणारा तो जुना तराजू अजून आपल्या घरातच आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपण कलाशाखेचे विद्यार्थी. औषधे शोधणे आपल्या हातून होणार नाही. पण कोणते काम हलके आणि कोणते थोर, हे समाज कसे ठरवतो, ते तपासणे हा तर आपल्याच अभ्यासाचा विषय आहे. नर्सिंगला निघालेली एखादी मुलगी आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असेल. तिच्या घरी नाके मुरडली जात असतील तर दोन शब्द बोलण्याइतके शिक्षण आपल्याला नक्कीच मिळाले आहे.

राष्ट्रीय सन्मानाने वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन व्हावे, हा मान फ्लॉरेन्सच्या नातलगांनी नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या खेड्यात, घरच्यांच्या शेजारी तिला पुरले. त्या दगडावर तिच्यासाठी पूर्ण नावही नाही. फक्त एफ. एन. ही दोन अक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा. दिवा तर तिथे कोरलेला नाहीच.